किट तीनदा बदलली, पेट्रोल मात्र गळतंच आहे

पत्राचा गोषवारा: पूर्व नागपुरातल्या एका फ्लॅट स्कीममध्ये राहणारे हे वाचक पन्नाशीकडे झुकलेले आहेत. वडिलांनी १९९७ मध्ये घेतलेली शंभर सीसीची फोर-स्ट्रोक मोटारसायकल त्यांनी वडील गेल्यावरही जपून ठेवली आहे. रोज चालवत नाहीत, पण आठवड्यातून एखाद-दोनदा इतवारीची फेरी तिच्यावरच होते. गेल्या काही महिन्यांपासून कार्बोरेटर (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनला देणारा भाग) ओव्हरफ्लो होतो, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सांडतो. रात्री गाडी लावली की सकाळी खाली डाग आणि पार्किंगभर पेट्रोलचा वास. वडिलांच्या वेळेपासून ज्या उस्तादांकडे गाडी जाते, त्यांनी तीनदा कार्बोरेटरची किट, म्हणजे आतल्या झिजणाऱ्या भागांचा संच, टाकली. दरवेळी चार-आठ दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. दुसऱ्या मेकॅनिकने नवा कार्बोरेटर सुचवला, तिसऱ्याने ओव्हरफ्लोच्या नळीत स्क्रू ठोकून देतो म्हटलं, शेजाऱ्यांनी सगळं खापर इथेनॉलवर फोडलं. स्कीमच्या सचिवांनी गाडी पार्किंगमधून हलवण्याची लेखी सूचना दिली आहे. मुलगी म्हणते, विकून टाका. वाचक विचारतात: उस्ताद फसवत आहेत का? त्यांना न दुखावता गाडी दुसरीकडे कशी न्यावी? आणि इतक्या जुन्या गाडीवर आणखी खर्च करण्यात अर्थ आहे का?

नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांआधी, तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीबद्दल बोलतो. सचिवांची चिठ्ठी तुम्हाला लागली आहे. ‘इतकी वर्षं गाडी इथेच उभी असते, तेव्हा कुणाला त्रास नव्हता’ असं तुम्ही लिहिलं आहे. खरं असेल. पण तेव्हा ती गळत नव्हती, आणि या बाबतीत मी सचिवांच्या बाजूने आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पसरते आणि आडोशाला साचते. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅट स्कीममध्ये विजेचे मीटर पार्किंगमध्येच लावलेले असतात, पाण्याच्या मोटारीचा स्टार्टरही तिथेच. सकाळी नळाच्या वेळेला कुणीतरी अर्धवट झोपेत बटण दाबतं आणि स्टार्टरच्या आत बारीकशी ठिणगी पडते. ती रोजच पडते. फक्त त्या दिवशी खाली वाफ साचलेली असते.

तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत गाडी बाहेर, उघड्यावर लावा, आणि थांबलात की टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा. तुमच्या पत्रात कॉकचा उल्लेखच नाही. बहुतेक जण तो वर्षानुवर्षं ‘ऑन’ आणि ‘रिझर्व्ह’ यांच्यातच फिरवतात, ‘ऑफ’ कुठे आहे हे चाचपून पाहावं लागतं. कॉक बंद केला तर गळून गळून कार्बोरेटरच्या वाटीत आहे तेवढंच पेट्रोल गळेल, अख्खी टाकी नाही. आणि कॉक बंद असूनही सकाळी डाग मोठाच दिसला, तर कॉकही पास होतो आहे, म्हणजे बंद असूनही पेट्रोल सोडतो आहे. मग टाकी रिकामी करून ठेवणं बरं. काढलेलं पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये भरा. पाण्याच्या बाटलीत नको, आणि तो कॅन घरात तर नकोच. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढायची आपल्याकडची सवयही सोडा. ते फुप्फुसात गेलं तर दवाखाना गाठावा लागतो.

पुढची किक मारण्याआधी आणखी एक काम आहे. इंजिन ऑइलची कांडी काढून बघा. कार्बोरेटरमधून वाहणारं पेट्रोल सगळंच नळीवाटे बाहेर पडतं असं नाही. काही वेळा ते इनटेकमधून सिलिंडरमध्ये उतरतं आणि पिस्टनच्या रिंगांमधून झिरपत खाली ऑइलमध्ये मिसळतं. कांडीवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, ऑइल पातळ वाटलं, त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू करू नका. ऑइल आधी बदला. शंभर सीसीच्या गाडीत ते जेमतेम लिटरभर बसतं, त्याचा खर्च इंजिनच्या कामापुढे काहीच नाही. किक अडकल्यासारखी लागली तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असू शकतं. चावी बंद ठेवून प्लग काढा, तोंड बाजूला ठेवून दोन-चार किका मारा, आतलं बाहेर येऊ द्या. आरएक्स १०० किंवा तशी टू-स्ट्रोक गाडी असलेल्या वाचकांनी ऑइलऐवजी याच गोष्टीकडे लक्ष द्यावं. तिथे पेट्रोल थेट इंजिनाच्या तळाशी, क्रँककेसमध्ये साचतं, प्लग ओलाचिंब होतो आणि गाडी किकेला दाद देत नाही.

नळीत स्क्रू ठोकणाऱ्या मेकॅनिकचा उपाय का नको, तेही यातच आलं. जादा झालेल्या पेट्रोलला बाहेर जायची तीच एक सुरक्षित वाट आहे. ती बुजवली की जमिनीवरचा डाग जाईल, तुम्ही खूश व्हाल, आणि पेट्रोल इंजिनात उतरत राहील.

आता उस्तादांकडे येऊ. ते फसवतात का, हे तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावरून बऱ्यापैकी सांगता येतं, आणि ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: ‘दरवेळी चार-आठ दिवस बरे जातात.’

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोलची पातळी ठरावीक उंचीवर राहावी लागते. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरलं की बॉल वर येतो आणि नळ बंद करतो, तीच रचना इथे लहान आकारात असते. फ्लोट तरंगत वर येतो, त्याची पत्ती एका बारीक सुईला वर ढकलते, सुई पितळेच्या सीटमध्ये जाऊन बसते आणि वरून येणारं पेट्रोल थांबतं. सुईच्या टोकावर बहुधा रबर असतं. या रबराच्या आणि सीटच्या मध्ये केसाएवढा कण जरी अडकला, तरी सुई पूर्ण बसत नाही. पेट्रोल येतच राहतं, वाटीतल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढतं आणि तिथून खाली गळतं.

किट टाकल्यावर गाडी आठवडाभर नीट राहते, म्हणजे सुई नीट बसते, फ्लोट नीट तरंगतो, सीट घट्ट आहे. फुटलेला फ्लोट किंवा चिरलेली नळी चार दिवसांची सवलत देत नाही, तिथे संध्याकाळीच गळायला लागतं. उस्ताद दरवेळी किट टाकतात, पण त्यासाठी कार्बोरेटर उघडतात, धुतात, हवा मारतात. माझा अंदाज असा, की गुण त्या धुण्याचा आहे आणि पैसे किटचे लागत आहेत. मग चार-आठ दिवसांत नवा कचरा खाली उतरतो. कचरा येतो टाकीतून, आणि तुम्ही सगळे मिळून तीनदा कार्बोरेटर उघडून बसला आहात.

टाकी तपासायला मेकॅनिकही लागत नाही. उजेडी, उघड्या जागी टाकीचं झाकण काढा आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहा. मोबाइलची बॅटरी चालेल, पण फोन आत पडणार नाही असा धरा. पत्रा तांबूस दिसला तर निम्मं उत्तर मिळालं. मग कॉकखालची नळी सोडून कपभर पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत घ्या आणि झाकण लावून घराबाहेर सावलीत थोडा वेळ ठेवा. तळाला विटकरी भुकटी बसली तर गंज. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी. आठवड्यातून एखाद-दोनदा चालणारी, अर्धी भरलेली टाकी पावसाळ्यात हमखास गंजते. रिकाम्या भागातल्या दमट हवेचं रात्री पाणी होतं आणि ते पत्र्याला धरून राहतं. टाकीच्या आत कॉकला बारीक जाळी असते. इतक्या जुन्या गाडीत ती फाटलेली असते, नाहीतर कुणीतरी ‘पेट्रोल कमी येतं’ म्हणून कधीच काढून फेकलेली असते.

टाकी खरंच गंजली असेल तर ती उतरवून आतून साफ करावी लागेल. हलका गंज असेल तर पांढरं व्हिनेगर भरून दिवसभर ठेवतात, मूठभर नट-बोल्ट टाकून हलवतात, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारतात, धुतात आणि पूर्ण वाळवतात. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यासाठी हेअर ड्रायर लागत नाही. वाळल्या वाळल्या आत थोडं ऑइल फिरवून ते ओतून टाका, नाहीतर उघडा पत्रा दोन दिवसांत पुन्हा तांबूस होतो. गंज खोल असेल, भोकं पडायला आली असतील, तर घरचे प्रयोग नकोत. टाकीचं काम करणाऱ्याकडे द्या. कॉकची जाळी नवी टाका आणि कॉक व कार्बोरेटर यांच्यामध्ये छोटा फिल्टर बसवा. त्यावरचा बाण कार्बोरेटरकडे हवा. नळी मोजकीच ठेवा. या गाडीत पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं, त्यामुळे लांब नळीचा वळसा वर उचललेला राहिला तर हवा अडकून गाडी बंद पडू लागेल.

मी इतकी टाकी-टाकी करतो आहे ती तुमच्या चार-आठ दिवसांमुळे. इतर वाचकांची तक्रार वेगळी असू शकते, तेव्हा गाडी मेकॅनिककडे टाकण्याआधी कार्बोरेटर कोरडा पुसून, खाली पुठ्ठा ठेवून, इंजिन बंद आणि कॉक चालू अशा स्थितीत पाच मिनिटं नुसतं बघत बसा. थेंब नेमका कुठून येतो? कॉकच्या सांध्यातून ओघळून कार्बोरेटरच्या तळाशी लोंबणारा थेंब अनेकांनी ओव्हरफ्लो समजून दुरुस्त करून घेतला आहे. वाटी आणि बॉडीच्या जोडातून येत असेल तर गॅस्केट, तळाच्या ड्रेन स्क्रूतून येत असेल तर त्याचं वॉशर. साइड स्टँडवर गळतं आणि डबल स्टँडवर थांबतं, असं झालं तर पातळी काठावर आहे, थोडी खाली घ्यावी लागेल. नळीतूनच येत असेल, तर वाटीला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. थेंब थांबला तर सुई अडकत होती किंवा कण मध्ये होता.

आणि किट टाकल्या दिवसापासूनच गळतं, असं असेल तर किटमध्ये जे नसतं त्याकडे बघा. साधारण किटमध्ये सुई, जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी), गॅस्केट, बारीकसारीक वॉशर असतात. फ्लोट बहुधा नसतो. तो कानाजवळ हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर भोक आहे. सीट तर अनेक कार्बोरेटरमध्ये बॉडीतच ठोकलेली असते, किटमध्ये येऊच शकत नाही. तिच्यावर मळ किंवा बारीक रेघ असेल तर पितळ चकाकवायची पेस्ट कापसाच्या काडीवर घेऊन फिरवावी आणि नीट धुवावी. सँडपेपर लावला तर सीट गेली. फ्लोटची पत्ती धातूची असेल तर ती किंचित वाकवून पातळी जमवता येते, पण माप त्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणेच घ्यावं. काही फ्लोट पूर्ण प्लॅस्टिकचे असतात, तिथे वाकवायला काही नसतंच.

सगळ्यात कमी तपासली जाते ती वाटीतली उभी नळी. ती चिरली किंवा बुडाशी सैल झाली, तर पातळी अगदी बरोबर असतानाही पेट्रोल तिच्यातून खाली जातं. सुया बदला, फ्लोट बदला, काही फरक पडत नाही. वाटी उतरवून हातात धरा, नळीच्या तोंडाच्या खाली राहील इतकं पेट्रोल तिच्यात ओता आणि खालून थेंब येतो का बघा. आला तर वाटीच बदलायची. वाटीचे स्क्रू काढताना घाई नको. जुन्या जपानी धाटणीच्या कार्बोरेटरचे स्क्रू आपल्या साध्या स्टार स्क्रूड्रायव्हरला पूर्ण धरत नाहीत, डोकी गोल होतात, आणि मग दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस जातो.

इथेनॉलबद्दल. आपल्या शहराचे खासदार इथेनॉलचे मोठे पुरस्कर्ते असल्यामुळे नागपुरात हा विषय निघाला की गाडी कार्बोरेटरवरून थेट राजकारणावर जाते. मी गाडीपुरतं बोलतो. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग त्याला चालतील असे असतात. तुमच्या गाडीच्या रबराने हा विचार केलेलाच नाही. जुने ओ-रिंग, नळ्या, गॅस्केट त्याने फुगतात किंवा कडक होतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटून बसलेला चिकटा सोडवून खाली पाठवतं. म्हणजे शेजारी अगदीच चूक नाहीत. पण इथेनॉलला दोष देऊन तुम्हाला करता काय येणार? टाकी साफ, जाळी नवी, फिल्टर, नळ्या आणि रबर आजच्या पेट्रोलला चालणारे, आणि गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून तळाच्या स्क्रूने वाटी रिकामी करणं, एवढंच. ते कुठल्याही पेट्रोलला करायचंच आहे.

उस्तादांच्या बाबतीत मला तुमचा प्रश्नच जरा तपासून बघावासा वाटतो. तुम्ही दोनच वाटा धरल्या आहेत. एक, ते फसवतात. दोन, मुकाट्याने गाडी दुसरीकडे न्यावी. मधली वाट अशी, की तुम्ही त्यांना पूर्ण हकिकत सांगितलेलीच नाही. तीनही वेळा तुम्ही जाऊन म्हणालात, ‘पुन्हा गळते आहे.’ मधले आठ दिवस बरे गेले, हे बोललात का? तुम्ही लिहिता की वडिलांच्या वेळच्या माणसाला उलट काही विचारणं बरं वाटत नाही. कामाबद्दल बोलायला जुनं माणूस आड येत नसतं. काचेची बरणी घेऊन जा आणि सरळ म्हणा, ‘उस्ताद, किट तं तीनदा टाकली, आठ दिवस चांगली राह्यते न् मंग गळते. हे टाकीतलं बघा बरं, कचरा येऊन राहिला का?’ यात त्यांचा अपमान कुठेच नाही. त्यांच्या कामाने फरक पडतो, हेच तुम्ही सांगता आहात. जुन्या माणसाला एवढं पुरेल, टाकी ते स्वतःच उतरवतील.

आणि नाही पुरलं, ‘काही होत नाही, आणखी एक किट टाकू’ असंच उत्तर आलं, तर टाकीचं काम खुशाल दुसरीकडे करून घ्या. ऑइल, चेन, ब्रेक त्यांच्याकडेच राहू द्या. मात्र जाल तिथे कार्बोरेटरवर हात बसलेला माणूस शोधा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक निकष आल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकली कार्बोरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्यानंतर कामाला लागलेल्या पोरांना फ्लोटची पातळी जमवायची वेळच फारशी आलेली नाही. नवा कार्बोरेटर सुचवणाऱ्या मेकॅनिकचा हेतू वाईट असेलच असं नाही, त्याच्यासाठी तोच सोपा मार्ग आहे. पण गंजक्या टाकीखाली नवा कार्बोरेटरही आठच दिवस टिकेल. बॉडी झिजली असेल, आतला सरकता भाग म्हणजे स्लाइड खडखडत असेल, सीट कामातून गेली असेल, तर तो टाका, पण टाकीनंतर. आणि जुना कार्बोरेटर दुकानात सोडून येऊ नका. त्याचे मूळचे जेट आजच्या स्वस्त किटमधल्या जेटपेक्षा बरे असतात.

खर्चात अर्थ आहे का, हे तुम्ही कार्बोरेटरवरून ठरवू पाहता आहात. कार्बोरेटर आणि टाकी हे या गाडीतलं स्वस्त काम आहे. खर्चाचा विचार करायचाच तर इंजिन धूर सोडतं का, चेसिसला गंज आहे का, आणि कागद काय म्हणतात ते पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९७ ची असल्याने २०१२, २०१७, २०२२ अशी नूतनीकरणं झालेली असायला हवीत आणि पुढचं २०२७ मध्ये. त्या वेळी आरटीओत गाडी दाखवावी लागेल, पर्यावरण कर भरावा लागेल. तेवढी धावपळ करायची तयारी नसेल, तर मुलीचं म्हणणं आत्ताच ऐका. तयारी असेल तर टाकीचं काम बिनधास्त करा.

दोन्हींपैकी काहीही ठरवलंत तरी आरसी काढून त्यावरचं नाव वाचा. पत्रात तुम्ही गाडीला ‘बाबांची गाडी’ म्हणता, ती कागदोपत्रीही अजून त्यांचीच असेल, असा मला दाट संशय आहे. तसं असेल तर तुमच्या नावाने ना नूतनीकरण सरळ होईल ना विक्री. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांच्या आत गाडी आपल्या नावावर करण्याचा फॉर्म ३१ भरायचा असतो. मुदत उलटून गेली असली तरी मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी आणि इतर वारसांची संमती घेऊन आरटीओत जा आणि उशिराचं काय भरावं लागेल ते विचारा. विमाही जुन्याच नावावर चालू असेल, तोही सोबतच बदलून घ्या.